बंबाचे दोन जोड

काल मेकॅनिक गिझरमधले क्षार काढून गेला आणि त्यात पाणी भरायच्या आधीच आमच्या सुनेनं, स्वातीनं, बटण दाबलं. तापल्या धातूचा वास घरभर झाला अन् मी थेट औशाच्या सासरी, न्हाणीत जाऊन पोचले.

लग्नाला महिना झाला होता. मामंजी आंघोळ करून पूजेला बसायचे, म्हणून मी पाणी तापवायचा तांब्याचा बंब चिंचेनं लख्ख घासला, राख काढली, कोळसे पेटवले. पाणी भरायचं तेवढं राहिलं. असाच वास सुटला, तोटीच्या जोडाची झाळ वितळली अन् ती गळून पडली. आता माहेरी धाडतात की काय, असं वाटलं.

सासूबाई धावत आल्या. "काय करायलीस गं? रिकामाच पेटवला व्हय? आईनं हेच शिकवलं का?"

मला रडूच फुटलं. बंब निवल्यावर माझा हात धरून त्यांनी मागच्या अंगाला टेकवला. तिथं झाळलेला एक जुना जोड बोटाला लागला.

"ह्यो माझा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या मामंजीला अजून ठावं न्हाई." त्या दिवशी त्यांनी मामंजींना चुलीवरचं पाणी दिलं अन् तोटी गुपचूप झाळून आणली.

तेव्हा वाटलं, वाचले बाई. आता वाटतं, इतकी वर्षं मनात ठेवलेलं कुणाला तरी सांगायला त्याही आसुसल्या असतील.

इकडे स्वाती मान खाली घालून उभी होती. मी तिला अंगणात नेलं. त्या बंबात आता कोरफड लावलीय.

"हात फिरव. दोन जोड लागतील. एक सासूबाईंचा, एक माझा."

तिनं दोन्ही चाचपले अन् हसली. "आई, बाबांना माहीत आहे?"

"अजून न्हाई."