सिनेमात न आलेले फादर

फादर लुकस गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगाची चटणी कुटत होते. "आई, फादर गेले," एवढंच माझा संतोष म्हणाला... बत्ता हातात तसाच राहिला. आता महिना होत आला. रडू ओसरलंय, आठवण आली की बरंच वाटतं. ऐंशी पार केलेला माणूस, सकाळचा चहा पिऊन खुर्चीतच शांतपणे गेला.

कुंभारीजवळ वाट चुकलेल्या पोरांसाठी त्यांचं वसतिगृह होतं. तिथं मी बारा वर्षं स्वयंपाक केला. संतोषही तिथलाच. हाणामारीत पोलिसांनी दोनदा धरला, तेव्हा मीच त्याला तिथं नेऊन सोडलं.

गेल्या वर्षी फादरांच्या आयुष्यावरचा सिनेमा सोलापुरात लागला. आम्ही तो त्यांच्यासोबतच पाहिला. त्यात फादर एका मारकुट्या पोराला मोठं भाषण देतात आणि पोरगं रडत पाया पडतं. बाहेर आल्यावर फादर हसून म्हणाले, "मावशी, मी एवढं बोललो असतो तर पोरं कुंपणावरून पळाली असती की!"

खरं काय ते मला ठाऊक होतं. संतोषनं वसतिगृहातल्याच इरफानचा पुढचा दात पाडला, तेव्हा फादर ओरडले नाहीत. त्यांचा नेमच होता, ज्यानं मारलं त्यानं मार खाल्लेल्याला स्वतःच्या हातानं भाकरी करून घालायची. तो जेवेपर्यंत फादरही उपाशी. संतोषची भाकरी फाटली, करपली. इरफाननं घास घेतला आणि कळवळला. "कशानं चावू? दात कुटं ठेवलास?" संतोषनं ती भाकरी आमटीत बारीक कुस्करली आणि ताट पुढं सरकवलं. "मीठ बघ रे," फादर एवढंच बोलले. "मीठ हाय," इरफान म्हणाला, "पर लई करपलीय."

सिनेमा काढायच्या आधी सिनेमावाले विचारायला आले तेव्हा मी "मला काय ठावं न्हाय" म्हणून आत गेले. चारचौघांत मला बोलता येत नाही. त्यात संतोषचं लग्न ठरत होतं, त्याची हाणामारी सोयऱ्यांच्या कानावर गेली तर? फादरांजवळ हे कबूल केलं तेव्हा ते म्हणाले, "आईनं आईसारखं केलं." तरी मनाला लागून राहिलं. त्यांचं खरं वागणं माझ्यामुळं झाकून राहिलं.

म्हणून काल वही काढली. संतोषला विचारलं, "तुझं नाव घालू का नको?" सूनबाई जवळच बसली होती. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "घाल. दात मीच पाडला म्हणून लिव्ह."

सून खुदकन हसली. "आत्या, मला ठावं हाय की! इरफानभावजींनी लग्नातच तोंड उघडून दावलंय."