चार बोटांची जागा

मास्तरांना गल्लीत सगळे 'पावइंच' म्हणायचे. पाठीमागे अर्थात, तोंडावर मास्तरच. कुणीही, कसलाही कपडा घेऊन त्यांच्या शिलाईच्या दुकानाची पायरी चढला की ते चष्मा कपाळावर ढकलायचे, गिऱ्हाइकाला एकदा पुढून, एकदा मागून न्याहाळायचे आणि म्हणायचे, "पाव इंच घेऊ." मग तो कपडा दुसऱ्या कुणी शिवलेला असो, नाहीतर मागच्या महिन्यात खुद्द त्यांनीच शिवून दिलेला असो. ढगळ शर्ट घातलेला माणूस समोरच्या फुटपाथवरून गेला तरी मास्तरांचा हात शिवशिवायचा. बँकेच्या साहेबांची पँट त्यांनी अशी काही अंगाबरोबर बसवली की साहेबांनी स्वतःच्या निरोपसमारंभातली सगळी भाषणं उभ्यानेच ऐकली. लोकांना वाटलं, काय हा विनय!

दुसरी ख्याती कपड्याच्या आतल्या बाजूची. शिवणीत जादा कापड दडवून ठेवणं म्हणजे मास्तरांच्या लेखी घरातला केर सतरंजीखाली सारणं. "उद्या मी जाड झालो तर सैल कसा करायचा?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "जाड होऊ नका." कापलेल्या पट्ट्या मशीनखालच्या पिशवीत जायच्या, आणि पिशवी भरली की शेजारच्या गॅरेजवाल्याकडे, हात पुसायला.

एकुलती एक मुलगी मात्र या मापात कधी बसली नाही. ती एका लॅबच्या नोकरीत होती. मोटरसायकलच्या मागे थंड डबा बांधायचा, घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं, आणि ते बिघडायच्या आत लॅबमध्ये पोचवायचं. मास्तरीणबाई म्हणायच्या, "बापाने जन्मभर कापडाला टोचलं, लेक माणसांना टोचते. सुई काही आपल्या घरातून हलत नाही."

मास्तर या विनोदावर हसायचे ते 'उंच'च्या अपघातापर्यंत. उंच म्हणजे तिच्याच लॅबमधला एक ताडमाड मुलगा, मुलीबरोबर दोनदा घरी जेवून गेलेला; घरात त्याचं नावच ते पडलं होतं. लॅबकडे जाणाऱ्या ट्रकच्या रस्त्यावर कुणीतरी त्याला कट मारला, तो घसरला आणि दुभाजकावर छातीने आपटला. अंगावर ओरखडादेखील नव्हता म्हणे. उठून बसला, पाणी मागितलं. बरगडी आत फुप्फुसात शिरली आहे हे बाकीच्यांना कळेपर्यंत तो गेला होता.

त्यानंतर मास्तर म्हणाले, "गाडी विक." मुलगी म्हणाली, "नाही." आणि गाडी हा विषय घरातून हद्दपार झाला. ती कधी निघाली, कधी आली, मास्तर मान वर करून बघत नसत. आवाज तेवढा ऐकत.

मुलीने आपल्या परीने तोड काढली. पगार साठवून तिने एअरबॅगचं जाकीट आणलं. दिसायला पातळ, बिनबाह्यांचं; त्यातून एक दोरी निघते ती गाडीच्या सीटखाली अडकवायची. माणूस गाडीवरून उडाला की दोरी ओढली जाते, आतली गॅसची नळी फुटते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाकीट फुगतं. वरून लॅबचं पिवळं जॅकेट घालणं सक्तीचं होतं, म्हणून ते तिने मुद्दाम मोठ्या मापाचं मागून घेतलं.

गॅरेजवाल्याला ते अजिबात पटलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर चहा पिता पिता तो म्हणाला, "फुगा आहे तो, ताई. ट्रकपुढे फुग्याचं काय होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"ट्रक अंगावरून गेला तर काही उपयोग नाही काका, मान्य. आपटले तर आहे."

"आणि पाय मोडला म्हणजे?"

"पायाला नाही. छाती, पाठ आणि मान, एवढंच."

"मग एवढे पैसे ओतून अर्धाच माणूस वाचवायचा?"

"उंचचे पाय शाबूत होते, काका."

गॅरेजवाल्याने चहाचा उरलेला घोट रस्त्यावर फेकला. मशीनवर टीप घालता घालता मास्तरांची सुई मोडली.

अबोला मोडायचा कसा, हे त्यांना सुचत नव्हतं. 'जपून जा' म्हणावं तर गाडीला होकार दिल्यासारखं होतं. मग एक दिवस मुलीची सुट्टी होती, ती आईबरोबर बाहेर गेली होती, आणि खुंटीवर ते पिवळं जॅकेट लोंबत होतं. पोत्यासारखं. मास्तरांनी ते काढून दुकानात नेलं. तिचं माप घ्यायची त्यांना गरज नव्हती. पहिल्या झबल्यापासून तिची मापं त्यांच्या बोटांत होती. दोन्ही कडा उसवल्या, जादा कापड कापलं, अंधारात चमकणारा चंदेरी पट्टा या कडेचा त्या कडेला तंतोतंत जुळवला. असं काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मधूनच ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जॅकेट तिच्यापुढे धरलं. "गाडीवर जायचंच आहे तर जरा माणसासारखी जा."

मुलगी बघतच राहिली. तिने ते अंगात घातलं, चेन लावली, आरशासमोर वळली. मग आतून कडेवर बोट फिरवत तिने विचारलं, "बाबा, आत कापड ठेवलंय ना थोडं?"

"कापड ठेवायला मी काय शिकाऊ आहे?"

तिने बोट काढून घेतलं. मग हसली. "काही नाही. फार छान बसलंय."

मास्तर दुकानात गेले ते पाठ ताठ करून.

दुपारी गॅरेजमध्ये तमाशा चालू होता. कुणा गिऱ्हाइकाने असलंच एअरबॅगचं जुनं जाकीट टाकून दिलं होतं. मुदत संपलेलं, फेका म्हणाला होता. गॅरेजवाला फुकटची गंमत सोडणाऱ्यातला नव्हे. त्याने ते अंगात घातलं, दोरी उभ्या गाडीला बांधली, तेल लागलेले हात एका चिंधीला पुसले आणि ओरडला, "मास्तर, या या, मी मरतोय, बघायला या!"

आणि त्याने मागे उडी मारली.

फट्ट!

गल्लीतली कुत्री भुंकत सुटली. धुरळा बसला तेव्हा गॅरेजवाला उभा होता तो पिंपासारखा. गळपट्टी कानांपर्यंत चढलेली, हात दोन्हीकडे अधांतरी. "हसू नका लेको, मान वळत नाही!"

मास्तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसता हसता सवयीने जवळ गेले आणि फुगलेल्या कडेशी हात लावून बघितला. छातीपासून बाहेर चार बोटं. पाठीला चार बोटं. काखेखाली चार बोटं. दगडासारखं टणक.

"हे आतून घातलं," त्यांनी विचारलं, "आणि वर आणखी काही असलं तर?"

"सैल असलं तर काही बिघडत नाही."

"घट्ट असलं तर?"

"फुगायला जागा नको का, मास्तर? बाहेर मिळाली नाही तर फुगा आत घुसणार."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे बरगड्या. दुसरं काय आहे तिथे?"

मास्तरांची नजर त्याच्या हातातल्या चिंधीवर गेली. तेलाने काळी झालेली, पण मूळची पिवळी. मधून चंदेरी पट्टा गेलेला.

"ही कुठली?"

"तुमच्याच पिशवीतली की. काल संध्याकाळी तुम्हीच नाही का आणून टाकलीत?"

मास्तरांनी चिंधी घेतली आणि तिच्यावर चार बोटं ठेवली. मोजायची गरज नव्हती, तरी ठेवली. आणखी तीन पट्ट्या डब्यात तेल पीत पडल्या होत्या.

त्यांनी मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे ती आली: ट्रकच्या रस्त्यावर, एक हात हँडलवर, दुसरा खिशात फोन शोधणारा. त्यांनी निखाऱ्याचा चटका बसावा तसा फोन बंद केला आणि दुकान उघडं टाकून घराकडे निघाले.

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मास्तरांनी दार लोटलं आणि दाराआडच्या खुंटीवर, छत्रीखाली, त्यांना ते पातळ जाकीट दिसलं.

"हे इथे कसं?"

"सकाळी घातलं होतं तिने. वरून तुमचं जॅकेट चढेना, चढलं तर चेन लागेना. म्हणून काढून ठेवलं." बाईंनी घडी दाबली. "म्हणाली, बाबांना सांगू नकोस. इतक्या दिवसांनी गाडीबद्दल बरं बोललेत."

मास्तर स्टुलावर बसले. म्हणजे फुगा तिच्या बरगड्यांवर बसणार नव्हता. एक श्वास सुटला, आणि दुसरा घ्यायच्या आत अडकला. कारण त्या बरगड्यांवर आज दुसरंही काही नव्हतं. त्यांनी बसवलेलं, एक सुरकुती नसलेलं कापड तेवढं होतं.

फोन वाजला.

"बाबा, किती फोन! आईला काही झालं का?"

"तू कुठे आहेस?"

"पेशंटकडून निघतेय आता. शेवटचा होता."

"गाडी तिथेच ठेव. बसने ये."

"डब्यात रक्त आहे बाबा, बिघडेल. झालंय काय?"

"रस्ता कुठला?"

"ट्रकचाच. दुसरा आहे कुठे?"

फोनवर सांगावं आणि तिचं लक्ष त्यातच राहावं? मास्तर म्हणाले, "काही नाही. सावकाश ये. परत फोन करणार नाही मी."

मग ते दारात उभे राहिले. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकत गेलं. प्रत्येक मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर मोठा व्हायचा आणि दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन निघून जायचा. एकदा लांबून हॉर्न आला, लांबलचक, न थांबणारा, आणि मध्येच तुटला. आतून बाई म्हणाल्या, "अहो, आत तरी या." मास्तरांना ऐकू गेलं नाही.

ती आली तेव्हा दिवे लागत होते. हेल्मेट काढत म्हणाली, "सगळ्यांनी विचारलं, कुठून शिवून घेतलंस म्हणून!"

"काढ."

"काय?"

"जॅकेट काढ."

तिने खुंटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ओळखलं. "बाबा, एक दिवसाने काही होत नाही."

"उंचचाही एकच दिवस होता," मास्तर म्हणाले, आणि कडेच्या शिवणीत त्यांनी कात्री घातली.

कापून टाकलेलं कापड परत येत नसतं. पट्ट्या तेलात गेलेल्या. मास्तरांनी घरातली एक काळी, ताणली जाणारी विजार फाडली आणि दोन्ही कडांना तिच्या पट्ट्या घातल्या. पिवळ्यात काळं. चंदेरी पट्टा मध्येच तुटलेला. जाकीट आत घालायला लावून त्यांनी चारी बाजूंनी बोटं घालून बघितली, आणि आणखी एक बोट सोडलं. मुलगी आरशात बघून म्हणाली, "मधमाशी झालेय."

"चावणारी दिसतेसच," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. "पायाला खरंच काही नाही त्यात?"

"नाही, बाबा."

"डोक्याला?"

"हेल्मेट आहे की."

"आणि ट्रक वरून गेला तर?"

तिने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. सकाळी तिने सीटखाली दोरी अडकवली. मास्तरांनी जवळ जाऊन ती ओढून बघितली आणि बाजूला झाले. 'पोचल्यावर फोन कर' हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

हल्ली गल्लीत तक्रार आहे की मास्तरांचं काम बिघडलं. शिवणीत आत बोटभर कापड निघतं. बँकेचे साहेब नव्या पँटीत ऐसपैस बसतात आणि तरीही कुरकुरतात. पावइंच हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

परवा भर दुपारी चौकाकडून 'फट्ट' असा आवाज आला. मास्तरांचा पाय मशीनवरून उचलला गेला, सुई कापडातच थांबली. गॅरेजवाला रस्त्यावर जाऊन बघून आला. "टायर फुटला, मास्तर. टेम्पोचा."

मास्तरांनी मान हलवली. पण पाय खाली टेकला नाही.