जंतबाई आणि थांबलेला जंत

माझी नणंद जंत पाळते. पाहुण्यांना मी असंच सांगते, गोल गोल बोलायची मला सवय नाही. कुणी कुत्रं पाळतं, कुणी पोपट, हिच्याकडे काचेच्या डब्यांत पट्टकृमी, फितीसारखे चपटे जंत. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, तिचं नाव जंतबाई ठेवलं. ते असं चिकटलं की तिच्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा आता तेच म्हणतो.

आमच्याकडे आली की आधी स्वयंपाकघरात घुसणार. भाजीचं एकेक पान नळाखाली धरणार. "वहिनी, यावर अंडी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग तुला बरी दिसली!" मी म्हणायचे. माझ्याच घरात येऊन माझीच भाजी पुन्हा धुणारी बाई! पण मी पडले शिवणकाम करणारी. दुसऱ्याने घातलेली टीप मलाही ओढून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे तिची खोड मी चालवून घ्यायचे.

मग माझ्या नवऱ्यालाच फिट आली. तो बस चालवायचा. नशीब, तेव्हा गाडी डेपोत उभी होती. डोक्याचा स्कॅन काढला तर मेंदूत बारीक गाठी, आणि गाठींत पट्टकृमीची पिल्लं. अंडी कधी आणि कशातून पोटात गेली, देव जाणे. गोळ्यांनी बाकीच्या गाठी विरल्या, एक मात्र हटून बसली. ती असेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डेपोने त्याला तिकीट-खिडकीवर बसवलं. अख्खा रस्ता ज्याचा, तो माणूस जाळीमागे बसून तिकिटं फाडू लागला. घरी आला की तोंडातून शब्द काढायचा नाही. मला तो बोलका हवा होता, भांडका का होईना.

नणंद आणखीच डब्यांत बुडाली. एकदा मी शर्टाला काजं करत होते, तेव्हा न राहवून विचारलं, "तू त्या जंतांचं करतेस तरी काय गं?"

तिचा चेहरा खुलला. "सेरोटोनिन ऐकलंयस, वहिनी?"

"ते मन खूश ठेवणारं ना?"

"तेच. आपल्या आतड्यांतही असतं आणि जंतातही असतं. जंताला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. अंगानेच खातो. पण सेरोटोनिन मिळालं की वळवळायला लागतो. थोडं स्वतः बनवतो, थोडं आपल्याकडून उचलतो."

"म्हणजे फुकट खायचं, आणि वर आपल्याच जिवावर नाचायचं!"

"अगदी!" तिने शर्ट माझ्या हातातून ओढून घेतला. "हे काज बघ. सेरोटोनिन म्हणजे बटण. ते काजात बसलं की जंत हलतो. या काजाला आम्ही रिसेप्टर म्हणतो. अशी काजं आपल्या अंगातही आहेत, पण जंताच्या काजाची घडण जरा वेगळी असते. मला असं खोटं बटण, म्हणजे औषध, हवंय जे त्याच्याच काजात अडकून त्याचं हलणं थांबवेल आणि आपल्या काजात शिरणारच नाही."

त्यानंतर कित्येक दिवस काज करताना माझ्या डोळ्यांपुढे जंत यायचे. शिवता शिवता मी विचार करायचे, बिनडोळ्यांचा तो जीव वळवळून जातो तरी कुठे?

एका दुपारी नवरा घरी असताना तिचा फोन आला. "दादा, थांबला! नवं औषध घातलं आणि डबीतला जंत थांबला!" मग लगेच म्हणाली, "हे डबीतलं आहे हं. गोळी व्हायला वर्षं जातील." पण नवऱ्याला 'थांबला' एवढंच ऐकू आलं. त्याने कपाटातून ड्रायव्हरचा गणवेश काढला आणि मला कंबर सैल करायला सांगितली. मीही वेडी, गाणं म्हणत टाके उसवले.

दुसऱ्या दिवशी ती आली ती चपलांसकट थेट त्याच्यापुढे उभी राहिली. "दादा, धुतल्यावर परत हलला."

तिची रीत अशी की थांबलेला जंत औषधातून काढायचा, धुवायचा, साध्या कोमट द्रावात ठेवून वाट बघायची. तोवर मेला म्हणायचं नाही. जगातली प्रत्येक गोष्ट धुऊन बघणारी ही बाई, आणि भावाची गोष्ट आली तेव्हा धुवायच्या आधीच फोन करून बसली.

"मग कशाला फोन केलास गं?" मी तडकलेच. "त्याने गणवेश काढलाय कपाटातून!"

"राहवलं नाही, वहिनी. चुकलं माझं." तिने आता कुठे चपला काढल्या. "तिकडे प्रयोगशाळेत सगळे केक कापतायत. पोटातला जंत नुसता थांबला तरी पकड सुटते, वाहून जातो. पण दादाच्या डोक्यातल्याला वाहून जायला वाटच नाही. औषध उतरलं की तो उठणार."

नवऱ्याने गणवेश बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला दाखव तो."

सुट्टीच्या दिवशी तिने आम्हाला प्रयोगशाळेत नेलं. उबदार पेटीतून डबी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नवऱ्याने डोळा लावला तो काढेचना.

"हाच का माझ्या डोक्यातला?"

"त्याचा चुलतभाऊ. उंदरातला."

"काय चिवट आहे लेकाचा!" त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मला त्याला चिमटा काढावासा वाटला. मग त्याने प्रश्नांचा सपाटाच लावला. हा झोपतो का? याला दुखतं का? औषध जास्त घातलं तर?

"मग ते तुझ्या काजांतही शिरेल. आतडी बिघडतील, डोकंही बिघडेल."

"म्हणजे बसायला हवं घट्ट, पण फक्त त्याच्याच काजात. सापडेल?"

"माहीत नाही, दादा."

इतकं सरळ त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने मान हलवली आणि तो उठला.

बाहेर थांब्यावर बस आली. आजारपणापासून तो कधी बसमध्ये चढला नव्हता. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना मागे बसणं त्याला सोसायचं नाही, म्हणून ऊन असो की थंडी, पायी जायचा. मी सवयीने चालायला लागले, तर हा पायरीवर पाय ठेवून उभा. आत जाऊन तो चारचौघांसारखा खिडकीशी बसला. ते बघून आमच्या मागोमाग चढलेली नणंद हमसून हमसून रडायला लागली.

"ए जंतबाई, रड आवर," तो म्हणाला. "उद्या दुसरं औषध घालशील ना?"

तिने मान डोलावली.

"मग काय निघेल ते मला सांगत जा. नाही जमलं तरी सांगत जा."