नडगीवरचा अभ्यास

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी माझी वही म्हणजे माझे बाबा. आज हे मी कौतुकानं सांगते, पण तेव्हा मी त्यांच्यावर सारखी खेकसायचे. "हलू नको ना बाबा, अक्षर बिघडतंय!" तळपायाला पेनाचं टोक लागलं की त्यांना गुदगुल्या व्हायच्या, ते पाय आखडून घ्यायचे आणि मी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायचे. बापाला चापट मारणारी पोर आमच्या पाड्यानं त्याआधी पाहिली नव्हती.

हे दोन हजार पंधरा-सोळाचं. तलासरीकडच्या आमच्या पाड्यातून नर्सिंगला गेलेली मी पहिलीच. बारावीपर्यंत सगळं मराठीत झालेलं, मार्क बरे होते, डहाणूला नंबर लागला. आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथं माणसाचं अंगसुद्धा इंग्रजीत आहे. घरी आम्ही ज्याला नडगी, पोटरी, खुबा, फरा म्हणत आलो, त्यातलं काहीच तिथं चालत नव्हतं. नडगी म्हणजे टिबिया. फरा म्हणजे स्कॅप्युला. मनगटात तर आठ हाडं निघाली आणि आठांना आठ नावं. एवढंसं मनगट, देवानं जरा आटोपतं घ्यायला काय हरकत होती? आहाराच्या तासाला वेगळीच गंमत. प्रोटीनच्या यादीत चीज होतं, मशरूम होतं. आमच्याकडे चिंचणीहून येणाऱ्या सुक्या बोंबलाचं मात्र नावही नव्हतं. मला वाटायचं, आपण आजवर जेवलो ते जेवण नव्हतंच की काय!

पहिल्या दोन्ही चाचण्यांत मी अ‍ॅनाटॉमीत नापास झाले. मॅडमनी बोलावून घेतलं. त्या काही वाईट नव्हत्या, पण आडपडदा ठेवून बोलणं त्यांना जमायचं नाही. म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेत हा विषय सुटला नाही तर तुझं इथलं अवघड आहे. घरी सांगून ठेव."

शनिवारी हॉस्टेलवरून घरी आले आणि सांगून टाकलं. आई चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली. मी परत आले तर काय होणार ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं: बाबांबरोबर चिकूच्या वाडीत मजुरीला जायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. मी चिडून पुस्तक भिंतीवर फेकलं. पाठ केलेलं रात्रीत उडून जातं, चित्रातली हाडं सगळी सारखीच दिसतात, असं काहीबाही ओरडले.

बाबा खाटेवर उघडेच पडले होते. अंगाने काटकुळे, त्यात जन्मभर वाडीत चिकू उतरवून पार वाळलेले. त्यांनी पुस्तक उचललं, उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण सांगाड्याचं चित्र कुणालाही कळतं. म्हणाले, "हाडांचीच नावं ना? मंग पुस्तक कशाला पाहिजे? माझी सगळी वरनंच दिसतात. लिही."

आणि खरंच त्यांनी हात पुढे केला.

मग दर रविवारी जेवणं झाली की बाबा अंगणात खाटेवर आडवे व्हायचे आणि मी पेन घेऊन बसायचे. उन्हानं रापलेल्या त्यांच्या अंगावर निळी शाई दिसायचीच नाही, म्हणून पेन दाबून दाबून लिहावं लागे. दंडावर ह्युमरस. कोपराखाली आतल्या बाजूला अल्ना, अंगठ्याच्या बाजूला रेडियस. बरगड्यांवर नुसते आकडे. पाठीवर स्कॅप्युला लिहिताना ते विचारत, "ह्ये मला दिसणार नाय, मी कसा विचारू तुला?" कारण परीक्षा तेच घेत. पुढच्या शनिवारी मी घरात पाऊल टाकलं रे टाकलं की अंगावर एकेका जागी बोट ठेवून विचारत, "ह्ये काय? आन ह्ये?" अक्षर एक ओळखत नव्हते, पण कुठं काय लिहिलंय ते मला ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. मी चुकले की जिभेनं 'च्च' करत. त्या 'च्च'चा मला मॅडमपेक्षा जास्त धाक होता.

सोमवारी ते तसेच वाडीत जात. बरोबरची माणसं विचारत, म्हातारपणी गोंदून घेतलंस काय रे? बाबा छाती पुढे काढून सांगत, "पोरीचा अभ्यास हाय." आईच्या हातावर लग्नाआधीचं गोंदण होतं. ती म्हणायची, "मला गोंदणारीनं रडवलंन. तुला बाप बेस मिळाला, फुकटचा हसतो."

तिसऱ्या चाचणीत मी पास झाले. मार्क काठावरचे, पण पास. त्या दिवशी बाबांनी वाडीतून पिकलेले चिकू आणले. झाडावरचा चिकू उतरवायला झाला की नाही ते नखानं खरवडून बघतात, खायला झाला की नाही ते अंगठ्यानं दाबून. बाबा एकेक चिकू दाबायचे, अंगठा हलकासा रुतला की तो मला द्यायचे. मी खाऊन खाऊन कंटाळले.

होळीनंतरच्या एका रविवारी पायाची हाडं घोकायला बसले. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि पायाच्या हाडांवर हमखास प्रश्न येतो असं वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. मी नडगीवर 'टिबिया' लिहिलं आणि मला हसू आलं. अक्षरं नुसती उमटली नव्हती, रुतली होती. दाबून लिहिलेल्या रेघेची बारीक चरी तशीच राहिली होती.

"बाबा, तुझी नडगी चिकूसारखी पिकली बघ," मी म्हटलं.

तेही हसले. पाय थोडा मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. जरा वेळानं सहज विचारावं तसं म्हणाले, "सूजबीज येते माणसाला, ता तुमच्या पुस्तकात कवा येतं?"

"आजार सगळे पुढल्या वर्षी," मी मान वर न करता सांगितलं. "यंदा नुसतं अंग. हलू नको."

"बरं," ते म्हणाले. "मंग पुढल्या वर्षी."

त्यानंतरही तीन-चार रविवार मी त्या पायांवर लिहिलं. ते वाडीत अनवाणी जायला लागले होते; म्हणाले चपलेचा पट्टा काचतो. मी ऐकलं आणि पान उलटलं. मधल्या काळात वॉर्डात ड्युटी लागली, तिथं सिस्टरनी एका आजीच्या पायावर अंगठा दाबून आम्हांला खड्डा दाखवला. मी त्याचा इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट वहीत उतरवून घेतला, आणि त्याच शनिवारी घरी येऊन बाबांच्या घोट्यावर हाडांची नावं लिहीत बसले. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. याचा मला अजून राग येतो.

लेखी पेपर बरे गेले. शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला पायाची हाडं विचारली. डोळ्यांपुढे खाट आणली आणि बोटापासून खुब्यापर्यंत धडाधडा सांगितली. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "शाब्बास. आता एक वरचा प्रश्न. पेशंटच्या पायाला सूज आहे हे हात लावून कसं ओळखशील?"

मी म्हणाले, "टिबियावर अंगठ्यानं दाबायचं, थोडा वेळ दाबून धरायचं, मग अंगठा उचलायचा. खड्डा तसाच राहिला तर पिटिंग इडीमा."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला बाबांची नडगी दिसली. निळ्या चरीत बसलेली माझी अक्षरं दिसली.

"कारणं?" बाईंनी विचारलं. मला कारणं येत होती. हार्ट, किडनी, लिव्हर, सगळी येत होती. पण तोंडच उघडेना. बाईंना वाटलं पोर घाबरली. त्यांनी पाणी दिलं.

मी हॉस्टेलवर पिशवीही घ्यायला गेले नाही. एसटीनं तलासरी, तिथून रिक्षा, पुढं पायी. बाबा त्या दिवशी कामावर गेलेच नव्हते. खाटेवर बसले होते, पाय खाली सोडलेले, दोन्ही पाय गुडघ्यापासून सारखेच जाड. चेहराही सुजला होता. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, "परीक्षा झाली?"

"झाली."

"सगळी? काय ऱ्हायलं नाय ना?"

"सगळी झाली, बाबा."

"बेस," ते म्हणाले, आणि खाटेची कड धरून उठायला लागले. "मंग आता मला दवाखान्यात ने."

आई दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला शपथ घातली होती, बाय. तुझी परीक्षा होईस्तोवर बोलायचं नाय म्हणून."

दवाखान्यात रक्तदाब इतका निघाला की डॉक्टरांनी दोनदा मोजला. किडनीवर ताण आला होता. दाखल करून घेतलं, सुया, गोळ्या, लघवीची मोजमापं. "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले, आणि हे ते माझ्या युनिफॉर्मकडे बघून म्हणाले. मी व्हरांड्यात जाऊन रडले. तोंड धुऊन परत आले तर बाबा पडल्या पडल्या हसत होते.

"तूच बोललीस ना, पुढल्या वर्षी म्हणून?"

मला हसता आलं नाही. त्यांची चेष्टा खरी होती, मला ती सहन होईना, एवढंच.

महिन्याभरानं ते घरी आले. मिठाची बंदी, सुक्या मासळीची बंदी. लो सॉल्ट डाएट म्हणजे काय ते मी आईला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "सरळ सांग ना, अळणी." आणि ती स्वतःही अळणीच जेवायला लागली. बाबांनी तिला दोनदा मीठ वाढायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

माझा निकाल लागला. अ‍ॅनाटॉमी सुटली.

त्यानंतरच्या रविवारी जेवणं झाली आणि बाबा सवयीनं अंगणात खाटेवर आडवे झाले. मी जाऊन पायाशी बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. शाईचा कुठं मागमूस नव्हता. नडगी पुन्हा बारीक दिसायला लागली होती. मी तिच्यावर अंगठा दाबला, धरला, उचलला. बारीकसा खळगा पडला आणि मी बघत असतानाच भरून आला.

बाबा डोळे मिटूनच होते. "आज पेन नाय?"

"नाही."

"मंग पाय कशाला घेतलास मांडीवर?"

"बघायला."

मग त्यांनी दुसराही पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मंग ह्यो पण बघ," म्हणाले.