सरांच्या हाताला न लागणाऱ्या टिपा

कॉलेजात मला तत्त्वज्ञान शिकवणारे सर आता ऐंशीच्या पुढं गेलेत. ते राजारामपुरीत राहतात. एका जर्मन तत्त्वज्ञाच्या समग्र लेखनाची संपादित आवृत्ती एका वेबसाइटवर आहे, ती ते रोज वाचायचे. डावीकडं मूळ मजकूर, उजवीकडं संपादकांच्या टिपा, अक्षरं हवी तेवढी मोठी.

गेल्या महिन्यात सरांच्या घरून काकूंचा फोन आला. "जरा येऊन जा की. सकाळपासनं कॉम्प्युटरसमोर बसल्यात, जेवायला उठंनात."

गेलो, तर वेबसाइट नवी झाली होती. दिसायला देखणी होती. पण आता ओळीतल्या बारीक आकड्यावर माऊसचा बाण स्थिर धरला तरच टीप दिसायची, तीही सरांना न वाचता येणाऱ्या बारीक अक्षरांत, आणि सरांचा हात कापतो. टीप उघडायची आणि लगेच मिटायची.

"जुनी परत आण," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

मी सगळी सेटिंग्ज चाळली. संपादकांना ईमेल लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी नम्र: जुनी वेबसाइट कायमची बंद केली आहे.

मग मीच शेजारी बसून टिपा वाचून दाखवू लागलो. इंग्रजी जमायचं, पण जर्मन शब्द आला की मी अडखळायचो आणि सर डोळे मिटून तो शब्द कोणता असेल हे शोधत राहायचे. चौथ्या टिपेला त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे आता. चल, जेवून घेऊ."

काकूंनी ताटं वाढली. सरांकडं बघायचा मला धीर होईना.