मनातल्या मनात गोविंदा

मी आठवडी बाजारांत भांडी विकतो. हळ्ळीखेडच्या बाजारात मी ओरडलो की भालकीच्या स्टेशनावरची माणसं गाडी आली म्हणून पिशव्या उचलतात, असा आपला आवाज. बिदरला नरसिंहाच्या झरणीत, त्या अंधाऱ्या भुयारात छातीएवढ्या पाण्यातून देवाकडं जाताना सगळ्यांत मोठ्यानं ‘गोविंदा’ म्हणणारा मीच. पण त्याच देवाशी मी मध्यंतरी बोलणं टाकलं होतं. माझ्या सहा वर्षांच्या रेणूच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हापासून.

कलबुर्गीला ऑपरेशन झालं. पुढं कित्येक आठवडे किरणांचा उपचार होता. लेकराच्या तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला पक्का बसवायचे, सगळे बाहेर यायचे, हत्तीलाही ढकलवणार नाही असं जाड दार लागायचं आणि रेणू आत एकटी. हलली तर किरण भलतीकडं लागणार, म्हणून रोज सकाळी भूल. भूल म्हणून उपाशी. दुधाच्या घोटासाठी ती रडायची, मग निपचित व्हायची, आणि दुपारी जागी झाली की अर्धी कुठंतरी राहून आल्यासारखी बघायची. एका संध्याकाळी तिला पाणी हवं होतं. कोपऱ्यातल्या तांब्याकडं बोट दाखवून ती नुसती “ते... ते...” करत राहिली. चालायला लागल्यापासून माझ्या दुकानात वाढलेली पोरगी, आणि तिला तांब्या हा शब्द सापडेना. रेणूची आई भिंतीकडं तोंड करून बसली. मी पाणी दिलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, “बाई, रोज रोज भूल देऊन डोकं मंद व्हतंय का?”

बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “नक्की सांगता येत नाही. गाठ आहे, ऑपरेशन झालंय, किरण आहेत, त्यात ही भूल. कशानं किती, हे वेगळं काढता येत नाही. टाळता आली तर मलाही हवीच आहे. पण एवढं लेकरू हलल्याशिवाय राहील का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणू भुकेनं आकांत करायला लागली, तेव्हा मी तिला एक थाप मारली. म्हटलं, “एकदा झरणीत आपल्या मोठ्या अण्णाच्या फेट्यात वटवाघूळ बाळंत झालं बग! सात पिल्लं! हललं तर पिल्लं पाण्यात पडतील, म्हणून सगळी रांग पुतळ्यासारखी उभी. पुजारी हलंना, पाणी हलंना, फौजदाराला शिंक आली तर त्यानं ती घरी जाऊन दिली.” रेणू रडायची थांबली. अंगाचा एक केसही न हलवता ऐकत राहिली.

बाजूला एक बुरखेवाली म्हातारी आपल्या उपचाराची वाट बघत बसली होती. ती म्हणाली, “अजी भाई, येच बातां अंदर बी सुनाव ना बच्ची को. तुमारी गप सुनके मैं बी नै हिली!” एवढ्यात तिला आत बोलावलं. पुन्हा ती मला दिसली नाही.

मी तसाच डॉक्टरीणबाईंकडं गेलो, भुलीऐवजी गोष्ट सांगून बघू का म्हणून विचारलं. बाहेरून माइकवर बोललं की आत ऐकू जायचं. बाई म्हणाल्या, “एकदा बघू. हलली की मशीन बंद.”

मी माइक धरला. पडद्यावर मुखवट्याखाली माझी रेणू. वटवाघूळ, पिल्लं, अण्णा, सगळं सुरू झालं. पोरगी दगडासारखी स्थिर. मला इतका आनंद झाला, की गोष्टीतली रांग देवापाशी पोचली तशी सवयीनं मी आरोळी ठोकली, “गोविंदा!” आमच्याकडं झरणीत ही आरोळी आली की पाण्यातली सगळी माणसं हात वर करतात. रेणूनंही केला.

मशीन थांबलं. त्या दिवशीचा उपचार भूल देऊनच पुरा झाला. “उद्यापासून पुन्हा भूलच,” बाई हळूच म्हणाल्या. मी पायरीवर जाऊन बसलो. देवाचं नाव घेतलं आणि तेच आडवं आलं! कामून, म्हणून कुणाला विचारायचं?

दुपारी रेणू जागी झाली. मग एकेक शब्द शोधत म्हणाली, “आप्पा, तुमी गोविंदा म्हनू नका. मी मनात म्हंते. मनात हात... वर होत न्हाई.”

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “उद्या अजून एकदा बघू.”

पुढचे बहुतेक दिवस रेणू भुलीशिवाय गेली. दूध पिऊन गेली. काही दिवस जमलं नाही, तेव्हा मधे उपाशी ठेवून उशिरा भूल द्यावीच लागली. देवापाशी येऊन गोष्ट थांबायची, मी गप्प व्हायचो, आणि पडद्यावर तिचे ओठ तेवढे हलायचे.

आज ती शाळेत जाते. बरोबरीची पोरं पुढं निघून गेली. तिला शब्द उशिरा सापडतात, काही सापडतच नाहीत. हे किती राहणार, बाईंना ठाऊक नाही, मलाही नाही. त्या म्हातारीला कुणी धाडलं, तेही मी विचारत नाही. आत एकट्या पडलेल्या माझ्या लेकराजवळ कुणीतरी होतं, एवढ्यावर माझे हात जोडलेले आहेत.

पूर्वी ती अडली की घाईनं मीच शब्द पुरवायचो. आता पुरवत नाही. ती शोधत असते, मी समोर बसून राहतो. देवाला काही मागायचं सुचलंच, तर तेही मनातल्या मनात. शब्द येतो, कधी येत नाही. रेणू माझ्याकडं बघते, आणि मी हलत नाही.