पत्त्याचा रकाना

ती दुपार आजही आठवते, कारण त्या दिवशी चूक माझी होती आणि कागद सगळे बरोबर होते.

मी तेव्हा औरंगाबादेत एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातला शनिवार. फोनवर खबर आली की पुंडलिकनगरकडे एक गाडी परदेशी लोकांना विनापरवाना औषधे विकत फिरते. खबऱ्याने गाडीचा नंबरही दिला. तासाभरात गाडी ठाण्यात आली. आत चालक, एक नर्स आणि बर्फाचा डबा. डब्यात इन्शुलिनच्या बाटल्या.

नर्स म्हणाली, "साहेब, विकत नाही, वाटतो. लढाईतून पळून आलेली माणसं आहेत. बाहेरची एक मदतसंस्था औषध पाठवते."

निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. आमच्या दप्तरी ते फक्त परदेशी नागरिक. मी माझ्या सवयीने तीन गोष्टी मागितल्या: परवाना, बिले, औषध घेणाऱ्यांची नावे-पत्ते. परवान्याची झेरॉक्स मिळाली, बिले मिळाली. पत्त्यांच्या वहीवर मात्र तिने हात ठेवला. वहीला दिल्लीहून आलेले परराष्ट्र मंत्रालयाचे पत्र जोडलेले होते. संस्थेच्या कागदपत्रांना कायद्याचे संरक्षण होते, झडतीत ती उघडता येत नव्हती.

वही मी उघडली नाही. डबा मात्र जप्त केला. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, लाखेचे सील ठोकले. औषध निरीक्षक सोमवारी येणार होते.

"बर्फ चारपर्यंत टिकेल," नर्स म्हणाली. "एका म्हाताऱ्या बाईंकडं आज रात्रीपुरतंच औषध उरलंय."

"त्यांचा पत्ता द्या सिस्टर. खात्री करतो, लगेच सोडतो."

"पोलीस दारात आले तर त्या उद्या तिथं नसतील. मग औषध कुणाला देऊ?"

माझे हवालदार निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "साहेब, समोरच्या रसवंतीतून बरफ आणू का?"

"आत कसा घालणार? सील आहे."

"व्हय की. आपणच ठोकलंय. मग डबाच रसवंतीच्या फ्रीजरात ठेवू?"

"गोठलं तर फेकूनच द्यावं लागतं, काका," नर्स म्हणाली.

साडेतीनला एक माणूस आत आला. कडक इस्त्रीचे कपडे. खबर आपणच दिली, असे त्याने सांगितले. खबर देणारा सहसा तोंड दाखवत नाही.

"साहब, वही मिली ना? उस बुढिया की गल्ली कौनसी, तेवढं सांगा. मी निघतो."

खबर औषधांची होती. वहीबद्दल किंवा कुणा म्हातारीबद्दल त्याला आम्ही काही बोललो नव्हतो. मी खुर्ची दिली, चहा मागवला. कुणी पाठवलं, कशासाठी, कधीपासून, हेच तीन प्रश्न क्रम बदलून विचारत राहिलो. तिसऱ्या फेरीत उत्तरे जुळेनात. मग तो बोलला. म्हातारीच्या मुलाने तिकडे काही लोकांविरुद्ध साक्ष दिली होती. त्यांच्याच माणसाने याला तिचे घर शोधायला लावले होते. हा गाडीमागून पुंडलिकनगरपर्यंत आला आणि गल्ली चुकला. वही उघडायचे काम त्याने आमच्यावर सोपवले होते!

त्याला बसवून ठेवले, खोट्या खबरीचा जबाब सुरू केला आणि पंचांना परत बोलावले. सील फोडले. बर्फाचे चार-दोन खडे शिल्लक होते. एक बाटली नमुन्यासाठी ठेवली, बाकी औषध बंधपत्र लिहून घेऊन नर्सच्या ताब्यात दिले. जप्त माल ठेवायला योग्य जागा नसेल तर असे करता येते. हे मला सील ठोकतानाही माहीत होते. तो अधिकार मी पत्त्यासाठी अडवून धरला होता. रसवंतीतला बर्फ हवालदारांनी स्वतः डब्यात भरला.

नर्सची गाडी त्या लोकांच्या ओळखीची झाली होती, म्हणून तिला आमच्या जीपने नेले आणि मोठ्या रस्त्यावरच थांबलो. ती कुठल्या गल्लीत शिरते ते आम्हालाही दिसू नये, म्हणून मी आमच्या चालकाला जीप उलट तोंडाने लावायला सांगितले. नर्स डबा घेऊन एकटी गेली. वीस मिनिटांनी आली आणि म्हणाली, "पोचलं."

वही बंद ठेवण्यामागे काहीतरी लपवाछपवी असते, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवशी एका बाईचा जीव त्या बंद वहीवर अवलंबून होता. मी ती उघडली असती, तर तो पत्ता ठाण्यातूनच बाहेर गेला असता.

नोंदवहीत 'औषध घेणाऱ्याचा पत्ता' हा रकाना मी कोरा ठेवला. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्यावर लाल खूण केली आणि खुलासा मागितला. मी दोन शब्द लिहिले: घेतला नाही.